झाकून ठेवलेला डाव

कोडं असं होतं: दवाखान्यात काढलेल्या मेंदूच्या चित्रात (स्कॅनमध्ये) ऋजुताआत्याचं डोकं ठणठणीत होतं, कपाळावरचं टेंगूळही केव्हाच उतरलं होतं. मग बदाम सातच्या डावातून ती दहाव्या मिनिटाला उठून का जायची?

पाच महिन्यांपूर्वी मल्लखांब शिकवताना आत्या पडली. त्याआधीचे रविवार काय बहारीचे होते! कुणी पान टाकायला उशीर केला, की सगळं घर ताट बडवत दहापर्यंत आकडे मोजायचं. आत्या चौकटची अठ्ठी अडवून बसायची आणि वर नऊ वर्षांच्या शलाकालाच दटावायची, "माझी पानं बघू नकोस हं, लबाडे!"

आत्याला तेच दिवस परत द्यायचे, असा घाट घरच्यांनी घातला. आठ माणसं, झगझगीत दिवे आणि एकाऐवजी दोन ताटं! "सात... आठ..." होईपर्यंत आत्या पांढरीफटक पडली आणि पानं टाकून खोलीत निघून गेली.

"तिला मी आवडतच नाही आता," शलाका सदूजवळ रडली. सदू म्हणजे आत्याच्या देखभालीला आलेला यंत्रमानव. बोलायला संथ, पण भारी हुशार.

"एका डब्यात पाक आणि एक गुलाबजाम घाल," सदू म्हणाला. "झाकण लाव आणि जोरात हलव. डब्याला पोचा आला?"

"नाही."

"आता आत बघ."

गुलाबजामला चीर गेली होती. "अय्या! मेंदूलाही अशीच?"

"छे, तुमचे गुलाबजाम जरा जास्तच मऊ झालेत. पण मेंदूही कवटीत असाच द्रवात असतो. हादरा बसला, की चेतातंतू (मेंदूतले निरोप नेणारे बारीक धागे) ताणले जातात. नेहमीच्या चित्रात ते दिसतही नाहीत. बहुतेकांना काही आठवड्यांत बरं वाटतं, काहींना महिने लागतात."

"पण उठून का जाते ती?"

"तुझा मेंदू नको ते आवाज आपोआप गाळतो. तिच्या मेंदूला सध्या उजेड, गोंगाट, आकडे, सगळ्यांशी झटावं लागतं. त्यात ऊर्जा (काम करायची ताकद) लवकर संपते. मग डोकं ठणकतं, शब्द सापडत नाहीत, चिडचिड होते. तो तुझ्यावरचा राग नव्हे."

"मग तिने सांगितलं का नाही?"

"सांगितलं होतं. 'दिसतेस तर छान' असं उत्तर मिळालं."

ते उत्तर शलाकानेच दिलं होतं.

पुढच्या रविवारी खेळायला तिघंच होती: आत्या, शलाका आणि सदू. पडदे ओढलेले, मोजणी बंद. तरी बाराव्या मिनिटाला आत्या गळून गेली.

"पुन्हा मोडला गं डाव माझ्यामुळे," ती ओशाळून म्हणाली.

"मोडला कुठे?" शलाकाने सगळ्यांची पानं पालथी ठेवली आणि बडवायचं ते ताट अलगद आणून त्यांवर उपडं घातलं. "उरलेला उद्या."

आत्याचे डोळे भरून आले. तिने शलाकाच्या केसांतून हात फिरवला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या आपणहून आली. ताट उचलून तिने संशयाने पाहिलं. "माझी पानं बघितलीस ना, लबाडे?"

"शप्पथ नाही!" शलाका आनंदाने किंचाळणार होती, पण वेळीच कुजबुजली.

त्या दिवशी आत्या पंधरा मिनिटं बसली. आणखी काही महिन्यांनी ती अख्खा डाव बसेल, असं सदूला वाटत होतं. चौकटची अठ्ठी मात्र आत्याने शेवटपर्यंत सोडली नाही.