उष्टा घोट

मोबाइल ठेवा खाली. दिवा राहू दे तेवढाच, पुरतो. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर गुदरली तो माझा शाळेपासूनचा सोबती. त्याचं नाक इतकं तिखट, की आम्ही त्याला नाकाड्याच म्हणायचो. शेजाऱ्यांचं दूध करपायच्या आधी याला कळायचं. पुढे त्या नाकानंच त्याला पोटाला लावलं. एका मोठ्या हॉटेलासाठी वाइन चाखून निवडायची, हे त्याचं काम.

हसू नका. पिऊन लोळायचं काम नव्हतं ते. घोट घ्यायचा, चूळ भरल्यासारखा तोंडात खेळवायचा, वास नाकात चढू द्यायचा आणि थुंकून टाकायचा. गिळत बसलं, तर तिसऱ्या बाटलीला लाल कुठली नि पांढरी कुठली तेही उमगायचं नाही.

तर, गेल्याच्या गेल्या वर्षीचा नोव्हेंबर. शेवटचा मंगळवार, अमावास्येची रात्र. शहराबाहेर टेकडीच्या पायथ्याशी एका कुटुंबाचा द्राक्षमळा होता आणि वाइन ते घरीच करायचे. तिचा बराच बोलबाला झाला होता. नाकाड्याची नोकरी तेव्हा डुगडुगत होती. 'यंदा काहीतरी नवीन आणा, नाहीतर घरी बसा,' असं वरच्यांनी सुनावलेलं. म्हणून हा तिकडे निघाला. खरं तर दुपारी जायचं होतं, पण मळ्याच्या मालकाचा फोन आला. "साहेब, अंधार पडल्यावर या. आई म्हणते, खरी चव तेव्हाच कळते." असते एकेकाची तऱ्हा, म्हणून नाकाड्यानं मान्य केलं.

पोचला तेव्हा मालकाची बायको बॅटरी घेऊन दारात उभी होती. तिनं त्याला तळघराच्या जिन्यानं खाली नेलं. "पायरी ओली आहे, जपून," म्हणाली. मग मागे न बघताच, अगदी हलक्या आवाजात, "भाऊ, एक सांगू? गिळू नका हं. घोट न् घोट थुंका."

"वहिनी, तोच तर माझा धंदा," हा हसून म्हणाला.

ती हसली नाही.

तळघर मात्र नजर लागावी असं लखलखीत. भिंतीला ओळीनं लाकडी पिंपं, मधे पांढरी चादर घातलेलं टेबल, वर ग्लास मांडलेले. टेबलाखाली, पायाशी, एक खोल पितळी तस्त. थुंकायला. इतकं घासलेलं की तोंड दिसावं. मालक बाटल्या उघडत होता आणि त्याची म्हातारी आई आधीच खुर्चीत बसलेली.

"या, बसा. लाजायचं नाही. मोकळेपणानं थुंका."

नाकाड्यानं सवयीनं वास घेतला. द्राक्षं. लाकूड. दगडाचा गारवा. आणि त्याच्याखाली आणखी एक वास, तळाशी बसलेला. कवळी रात्रभर भिजत घातली की सकाळी त्या पाण्याला येतो ना, तसा. त्यानं नाक मुरडलं. पण पहिला घोट जिभेवर आला आणि तो सगळं विसरला. काय वाइन होती! चूळ फिरवली, वाकून तस्तात थुंकला. दुसरी तर पहिलीहून सरस. थुंकला. आपली नोकरी वाचली, याची त्याला खात्रीच पटली.

तिसरी तोंडाला लावण्याआधी सहज खाली पाहिलं, तर तस्त रिकामं.

कोरडं नव्हतं. ओलं, चकचकीत. पण आत थेंब नाही.

"भांडं कुणी ओतलं?" त्यानं विचारलं.

मालक बाटलीचं बूच न्याहाळत राहिला. म्हातारी म्हणाली, "पुढची घ्या."

त्यानं तिसरी चाखली, थुंकला. ग्लास दिव्यासमोर धरून रंग बघतोय असं भासवलं आणि कान मात्र खाली लावला.

लप… लप… लप…

मग घशातून काहीतरी उतरल्याचा आवाज. गट्. आणि एक सुस्कारा. जेवून तृप्त झालेल्या माणसाचा.

"खाली कुत्रं आहे का हो?" असं विचारून त्यानं धीर यावा म्हणून चौथ्या वाइनचा घोट घेतला.

"कुत्रं नाही," मालक म्हणाला. "बाबा."

नाकाड्याचं तोंड भरलेलं. बोलणार काय?

"त्यात घाबरण्यासारखं काय आहे?" म्हातारी फणकारली. "डॉक्टरांनी यांचा थेंबसुद्धा तोडला होता. आम्ही कुलपं घातली. मग पाहुणे चाखून गेले की हे इथं येऊन गुडघ्यांवर बसायचे, आणि हे भांडं चाटायचे. बाहेरच्यांचं थुंकलेलं! लाज सोडली होती. एक दिवस तसेच सापडले. तोंड भांड्यात. गार. गेले, पण खोड गेली नाही. भरलेली बाटली ठेवली तर शिवत नाहीत. उष्टीच लागते. तीही परक्याची. नाही मिळाली तर एका रात्रीत पिंपं नासतात."

आणि मग अगदी सहज, "वाइन आवडली ना? मग झालं. तुमचंही काम झालं, आमचंही."

नाकाड्याच्या तोंडात तो घोट कोमट होत होता. लाळेनं पातळ होत होता. मालक, म्हातारी आणि जिन्यावर थांबलेली सून, तिघं त्याच्याकडे बघत होती. याच्याआधीही कित्येकांना यांनी असंच बोलावून बसवलं असणार. खाली पितळ फरशीवर घासलं. खर्र… तस्त त्याच्या बुटांपाशी सरकलं.

वाट बघत.

थुंकणं त्याच्यानं होईना. किळस घशाशी आली, आणि… घोट खाली गेला.



"अहो, काय केलंत!" जिन्यावरून सून ओरडली.

चादर हलली. गुडघ्यांपाशी फुगली. वर आली…

दिसलं काहीच नाही. हनुवटीला गार लागलं. मग ओठांना. ओलं. जाड. खरखरीत. त्यानं दात आवळले. त्याचा उपयोग झाला नाही.

ते आत आलं. एकेका दातावरून फिरलं. सावकाश. हिरड्यांवरून. गालाच्या आतून. जिभेखाली. काही राहिलंय का, बघत. आणि तो कवळीच्या पाण्याचा वास… आता त्याच्या स्वतःच्या तोंडात.

मग घशाकडे…

तो कसा सुटला, त्यालाही सांगता येत नाही. जिना चढला एवढं आठवतं. वाटेत गाडी थांबवायची छाती नव्हती. शेजारच्या सीटच्या पायथ्याशी, केसाळ मॅटवर, आतड्यांपासून ओकला. ओकत ओकतच गाडी हाणली. घरी पोचल्यावर काचा चढवल्या, गाडीला कुलूप घातलं, आणि उजाडेपर्यंत बेसिनपाशी बसून राहिला.

सकाळी बायको म्हणाली, "चला, वाळायच्या आत धुऊन टाकू." बादली, फिनेल, जुनी फडकी घेऊन दोघं खाली गेली. काचा बंदच. कुलूप तसंच. त्यानं नाक दाबून दार उघडलं.

घाण नव्हती.

मॅट स्वच्छ होती. नुसती स्वच्छ नाही… ओली. अजून ओली. आणि तिचे सगळे केस एकाच दिशेला बसवलेले. मांजर पिल्लाला चाटून बसवते ना… तसे.