गच्चीवरची गोलकीपर

"गोलात मी उभा राहतो," टिंगू म्हणाला.

"तुझ्या डोक्यावरून चेंडू गेला तरी तुला पत्ता लागायचा नाही," कप्तान म्हणाली. "गोलात मऊच हवी."

कप्तान बारा वर्षांची, शंकासुर तिचा चुलतभाऊ आणि टिंगू त्या दोघांच्या मागे शेपटासारखा. उन्हाळ्याची सुट्टी लागली होती. त्या काळी अख्ख्या गल्लीत मिळून एकच फुटबॉल होता, आणि रविवारी खालच्या गल्लीशी सामना होता. पण गेल्या रविवारपासून मऊ खालीच उतरली नव्हती.

मऊ हे नाव तिच्या गुबगुबीत गालांवरून आजीने ठेवलेलं. ती गोलात उभी राहिली की दमलेलं मूल आईकडे जावं, तसा चेंडू आपणहून तिच्या हातात जायचा.

"तिची आई म्हणते, पोट दुखतंय," टिंगूने सांगितलं.

"इतके दिवस?" शंकासुराने भुवया उंचावल्या. "आणि पोट दुखतंय, तर रोज दुपारी त्यांच्या गच्चीवर धप् धप् कोण करतं?"

सगळ्यांनी कान टवकारले. खरंच की! धप्. धप्. धप्.

चपला हातात घेऊन तिघं जिना चढले. पाण्याच्या टाकीमागे मऊ उभी होती. जुन्या मोज्यांचा चेंडू ती टाकीवर आपटत होती आणि झेपावून पकडत होती. एकही झेल सुटत नव्हता. या तिघांना पाहिलं आणि चेंडू मात्र हातातून सुटला.

"पोट बरं झालं वाटतं," टिंगू म्हणाला. कप्तानने त्याला चिमटा काढला.

"मी नाही येणार खाली," मऊ भिंतीकडे बघत म्हणाली. "सगळ्यांना माहीत झालंय."

"काय?"

"माझं वजन."

मग हळूहळू सगळं बाहेर आलं. दवाखान्यातल्या सिस्टरनी मोठ्यांना सांगितलं होतं, गल्लीतली मुलं फार बसून असतात, त्यांना हिंडूफिरू द्या. मोठ्यांनी लगेच समिती काढली, शिंपीकाकांना अध्यक्ष केलं आणि गेल्या रविवारी गल्लीच्या सभागृहात वजनकाटा आणून ठेवला. हे तिघं त्या दिवशी वजनाला न जाता खेळायला पळाले होते. काट्यापाशी काका, पार दुसऱ्या टोकाला लिहायला काकू. मऊचा नंबर आला तेव्हा काकांनी आकडा सभागृहभर ऐकू जाईल असा सांगितला.

"मागे कोणीतरी हसलं," मऊ म्हणाली. "आता जेवायला बसले तरी वाटतं, सगळे माझ्याच ताटाकडे बघताहेत."

कप्तानचं नाक लाल झालं. "मी जाऊन काकांना विचारते!"

"थांब," शंकासुर म्हणाला. "काका कधी कोणाला टाकून बोलत नाहीत. मग ते मुद्दाम का ओरडतील? आधी बघू या तरी."

शिंपीकाकांच्या दुकानासमोरच्या ओट्यावर तिघं जाऊन बसले. आत काकू शिवणयंत्र चालवत होत्या आणि यंत्राचा खडखडाट रस्त्यापर्यंत येत होता. काकांनी एका गिऱ्हाइकाला टेप गुंडाळली आणि आवाज चढवला, "छाती अडतीस! कंबर चाळीस!" मागे न बघता काकूंनी खडूने कापडावर आकडे टाकले.

"सापडलं," शंकासुर पुटपुटला. "काकांना सवय आहे. शर्ट काय आणि मऊ काय, त्यांना दोन्ही सारखंच."

"मग त्यांना कळायला हवं," कप्तान उठली.

दुकानात आता चार गिऱ्हाइकं बसली होती. कप्तान अगदी गोड आवाजात म्हणाली, "काका, रविवारी तुम्हीच पंच ना? तुमच्या शर्टाचं माप आम्ही घेऊ? शिकायचंय आम्हाला."

काका खूश. त्यांनी दोन्ही हात वर केले. टिंगू टेपचं टोक धरून त्यांना प्रदक्षिणा घालून आला. कप्तानने छाती भरून श्वास घेतला.

"काकू, लिहा! पोट—"

काकांनी झटकन टेपवर हात ठेवला. "अगं, हळू! माणसं बसलीत."

"पण काकू लांब आहेत ना, काका. त्यांना ऐकू कसं जाणार?"

शिवणयंत्र थांबलं. काकूंनी चष्म्यावरून आधी मुलांकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे.

"तरीच मऊ आठवडाभर दिसली नाही," त्या म्हणाल्या.

काका स्टुलावर बसले. बराच वेळ टेप बोटाला गुंडाळत राहिले. मग उठले आणि मऊच्या गच्चीचे तीन जिने धापा टाकत चढले.

"चुकलो गं बाळा," ते म्हणाले. "लोकांच्या कापडाला जपतो मी. तुला नाही जपलं."

 मऊने मोज्यांचा चेंडू त्यांच्याकडे टाकला. काकांना तो काही पकडता आला नाही.

संध्याकाळी काकांनी वजनकाटा दवाखान्यात सिस्टरांच्या खोलीत नेऊन ठेवला. "वजन मी बघेन, दार लावून," त्या समितीला म्हणाल्या. "तुम्ही गल्ली बघा. मुलांनी खेळायचं कुठे? मैदानात तर तुमच्याच समितीच्या खुर्च्या रचल्यात!"

समितीने लगेच खुर्च्या उचलल्या. गल्लीत संध्याकाळी गाड्या आणायच्या नाहीत असं ठरलं. दुकानदाराने गोड सरबताच्या बाटल्या मागे सारून केळी पुढे मांडली. मुलं बारीक असोत की जाड, सगळीच मैदानात आली आणि त्यांच्यामागून त्यांचे आईबापही फेऱ्या मारू लागले.

"समितीला जमलं नाही ते तुम्ही एका टेपने केलंत," सिस्टर कप्तानला म्हणाल्या. शंकासुराला शंका आली, की हे कौतुक फक्त तिचंच का. मग त्यांनी त्याचीही पाठ थोपटली आणि टिंगूला कडेवर घेतलं. ते काही त्याला आवडलं नाही.

शनिवारी काकांनी मऊला दुकानात बोलावलं. जाड कापडाचे गोलकीपरचे हातमोजे शिवायचे होते. त्यांनी तिच्या हाताला टेप लावली, वाकले आणि आकडा तिच्या कानात सांगितला.

"किती?" यंत्रामागून काकूंनी विचारलं.

 काकांनी मऊकडे पाहिलं. दुकानात माणसं होती.

मऊने टाचा उंचावल्या. "काकू, लिहा! पंजा सात इंच! अख्ख्या संघात सगळ्यात मोठा!"

मागे कोणीतरी हसलं. या वेळी मऊसुद्धा हसली.