घिरट्या, चेरी फुलेपर्यंत

मिझुहोनं त्याला पाहिलं नंतर, ऐकलं आधी. कितीतरी हिवाळे उलटले, पण ते पहिलं वाक्य तिला अजून पाठ आहे.

"धावपट्टीवरचा बर्फ हटवतोय. घाई करू नका, खाली बघण्यासारखं काही नाही... पांढऱ्यावर पांढरं!"

ओसाकाहून उत्तरेतल्या आओमोरीला जाणाऱ्या छोट्या जेटमध्ये मिझुहो हिदाका तेव्हा नवखी सहवैमानिक होती. जन्म दक्षिणेतल्या मियाझाकीचा. बर्फ म्हणजे किसून वर सरबत ओतायची वस्तू, एवढंच ठाऊक. उपसागरावर घिरट्या घालताना तिच्या तळहातांना घाम फुटला होता, आणि कंपनीच्या रेडिओवरचा हा माणूस चक्क थट्टा करत होता.

उतरल्यावर तो दिसला. नाओया कुदो, कंपनीच्या आओमोरी तळावरचा माणूस. भुवयांवर बर्फ, पायांत गुडघ्यापर्यंतचे बूट, हातात कागदात गुंडाळलेलं भाजलेलं रताळं.

"घाबरला होतात ना वर?"

"मी? मुळीच नाही."

"मग आवाज थंडीनं थरथरत होता म्हणायचा."

"हो... थंडीनंच," ती म्हणाली आणि रताळं घेतलं. बोटांना बोटं लागली. त्याची बोटं रताळ्यापेक्षा गरम कशी, हे कोडं तिला परतीच्या वाटेवर पुरलं.

विमान परत निघायला जेमतेम पाऊण तास लागे. त्यांचं प्रेम त्या पाऊण पाऊण तासांत वाढलं. बाकी बोलणं रेडिओवर, आणि रेडिओ म्हणजे गावचा पाणवठा, अख्खी कंपनी कान देऊन असायची. म्हणून दोघं आपली ढगांचं नि वाऱ्याचं बोलत. पण "आज वारा सौम्य आहे, हिदाका-सान," हे तो अशा काही आवाजात म्हणे, की तिच्या कानाच्या पाळ्या लाल होत.

शेजारच्या खुर्चीतल्या कॅप्टन ओनित्सुकांना सगळं दिसत होतं. वरून फणसासारखा काटेरी माणूस! तिची एकच खोड त्यांना खटके: ती खाली यायला नेहमी उशिरा सुरुवात करायची.

"हिदाका, जितके हजार फूट उंची, त्याच्या तिप्पट मैल आधी उतरायला लागायचं. उशीर केलास की मग नाक खाली घालून पळावं लागतं. तुला वरच बरं वाटतं, नाही का?"

तिला वरच बरं वाटायचं. खोटं कशाला बोला!

जानेवारीत, विमानाच्या शिडीपाशी, नाओयानं सरळ विचारलं. "माझ्याशी लग्न कराल?"

होकार तिच्या ओठांवर होता, आणि तिथंच थिजला. "जरा... थांबाल?" एवढं पुटपुटून ती शिडी चढून गेली.

"कधीपर्यंत?" त्यानं खालून विचारलं. यंत्रांच्या घरघरीत ते ऐकूच आलं नाही, अशी तिनं स्वतःची समजूत घातली.

महिनाभरानं ती पुन्हा आओमोरीला निघाली. दुसऱ्या दिवसापासून तिचं प्रशिक्षण आणि परीक्षा, म्हणजे वसंतापर्यंत इकडची फेरी नाही. निघता निघता ओनित्सुका म्हणाले, "कुदोला ओकिनावाला बोलावलंय. पाच वर्षं. आपली छोटी विमानं तिकडे जात नाहीत. हो की नाही, ते त्यानं आज संध्याकाळी कळवायचंय."

"मग मला काय त्याचं?"

"तुला काहीच नाही. म्हणून तर मघापासून एकच बटण पुसत बसलीयेस."

उड्डाण अटीवर होतं: बर्फ हटला नाही तर परत ओसाका. उपसागरावर पोचताच कंट्रोलरनं घिरट्या घालायला सांगितलं आणि पुढचा आदेश किती वाजता मिळेल तेही सांगितलं. मिझुहोनं ती वेळ परत म्हणून दाखवली. नियमच तसा आहे. थांबायला सांगणाऱ्यानं कधीपर्यंत ते सांगायचं, ऐकणाऱ्यानं ते परत म्हणायचं. वेळ न देता आकाशात कुणाला लटकवत ठेवत नाहीत.

म्हणता म्हणता तिची जीभ अडखळली. कुदोला तिनं महिनाभर तसंच लटकवत ठेवलं होतं!

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. बर्फ काही थांबेना. इंधनाचा काटा बघून ओनित्सुका म्हणाले, "पुरे. परत फिरायचं."

"कॅप्टन... कंपनीला एक निरोप द्यायचा राहिलाय."

"दे. मी विमान चालवतोय, मला काही ऐकू येत नाही."

तिनं बटण दाबलं. "कुदो-सान, आम्ही परत चाललोय. मी तुम्हाला थांबायला सांगितलं होतं. वेळ सांगायची राहून गेली. चूक माझी."

खरखर... मग त्याचा आवाज. "ऐकतोय."

"चेरी फुलेपर्यंत थांबाल? उत्तर समोरासमोर द्यायचंय मला."

"कुठल्या चेरी, हिदाका-सान? आमच्याकडच्या फार उशिरा फुलतात."

तिनं डोळे मिटले. "ज्या आधी फुलतील त्या!"

रेडिओवर कुणीतरी खुदकन हसलं. पाणवठाच तो! मग नाओयानं, नियमाप्रमाणे, एकेक शब्द परत म्हणून दाखवला. "ज्या आधी फुलतील त्या चेरी फुलेपर्यंत. समजलं." आणि हळूच, "थांबतो."

मार्चअखेर परीक्षा संपवून ती मियाझाकीला घरी गेली, तर नदीकाठच्या चेरी फुलल्या होत्या, आओमोरीच्या कितीतरी आधी, आणि त्यांच्याखाली तो उभा होता. ओकिनावाला नकार देऊन, ओनित्सुकांकडून तिचा पत्ता घेऊन आलेला, घामाघूम, पायांत तेच बूट.

"हे काय, बर्फातले बूट?"

"निघालो तेव्हा तिकडे बर्फच होता." मग तो घुटमळला. "ते... उत्तर?"

"हो," ती म्हणाली. "तेव्हाही होच होतं. मला खाली यायलाच उशीर झाला."

आज मिझुहो कॅप्टन आहे. शेजारी कोवळा सहवैमानिक, खाली तोच उपसागर, आणि रेडिओवर आओमोरी तळाचा पिकल्या केसांचा प्रमुख. "बर्फ हटवतोय, हिदाका-सान. आणखी वीस मिनिटं."

"वीस मिनिटं. समजलं."

"थांबतो," आवाज म्हणाला.

सहवैमानिक गोंधळला. "कॅप्टन, थांबायचं तर आपण ना? ते कशाला थांबतायत?"

मिझुहोच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "घरी दोघांनी मिळून जायचंय," ती म्हणाली.