केबलवरचा नांगर

"उल्काताई, लाइट पुन्हा लुकलुकली! पावणेबारा!" प्रथमेश ओरडला.

उल्काने खिडकीतून पाहिलं. खाडीतल्या पिवळ्या तरंगत्या गोळ्यांमध्ये एक लाल बोट मागे हिसके देत होती. "रोज हीच बोट, रोज हीच वेळ!"

ही भावंडं सुट्टीत अमेरिकेतल्या ईडन प्रेरीहून व्हर्जिन आयलंड्समधल्या एका चिमुकल्या बेटावर देवदत्तकाकांकडे आली होती. काका वीज कंपनीत इंजिनिअर. शेजारच्या मोठ्या बेटावरून येणारी वीज आणि फोनची केबल याच खाडीच्या तळाशी होती. तिची जागा दाखवणाऱ्या त्या पिवळ्या गोळ्यांमध्ये नांगर टाकायला सक्त मनाई! महिनाभर लाइट का जाते ते काकांना सापडत नव्हतं, आणि ऑफिसात बोलणी त्यांनाच बसत होती.

उल्काने काकांना फोन लावला. नेटवर्क गायब!

"चल, आपणच जाऊ!" लाइफ जॅकेट चढवून दोघांनी काकांची छोटी कयाक होडी पाण्यात लोटली.

बोटीच्या नांगराचा दोर ताणून ताठ झाला होता. "थांबा! केबल तुटेल! क्लिनिकमधली मशिन्स बंद पडतील!" उल्का ओरडली.

इंजिन तसंच चालू ठेवून दाढीवाला कप्तान बोटीच्या टोकाशी धावला. "चालते व्हा!" त्याने लोखंडी आकड्याची काठी फिरवली. ती सणकन प्रथमेशच्या कपाळावर बसली. रक्ताची धारच लागली! दुसऱ्या फटक्याने वल्हं मोडलं.

"ताई, रोप कट कर!" प्रथमेश किंचाळला.

उल्काने जॅकेटला अडकवलेला सुरा उपसला. तिसरा फटका तिच्या खांद्यावर बसला. डोळ्यांपुढे काजवे चमकले, तरी ती दोर कापतच राहिली.

फाट्! दोराचं टोक चाबकासारखं कप्तानाच्या तोंडावर बसलं आणि तो पाण्यात कोसळला. बोट सुसाट मागे गेली आणि खडकांवर आदळून फुटली.

"हेल्प!" कप्तान गटांगळ्या खाऊ लागला.

"लेट हिम सिंक!" प्रथमेश कपाळ दाबून धरत म्हणाला. क्षणभर उल्कालाही तसंच वाटलं. मग तिने मोडकं वल्हं पुढे केलं. "पकडा. पण पुन्हा हात उचललात तर सोडून देईन!"

बोट फुटल्याचा आवाज ऐकून आलेल्या कोळ्यांनी तिघांना किनाऱ्यावर आणलं. दुपारी क्लिनिकमध्ये काका धापा टाकत आले. पाणबुड्यांना नांगर केबलखाली अडकलेला सापडला होता. बंदी मोडून कप्तान रोज तिथेच मासे धरायला थांबायचा, नांगर अडकायचा आणि तो सोडवताना केबलला हिसके बसायचे. कप्तान पोलिसांच्या ताब्यात होता.

"पुन्हा असं न सांगता पाण्यात उतरायचं नाही!" काका कडाडले. मग प्रथमेशच्या पट्टीकडे पाहून त्यांनी दोघांना जवळ घेतलं. "महिनाभर मी वायर न् वायर तपासली. आणि तुम्ही पोरांनी खिडकीतून शोधलंत! शाब्बास रे!"

"सात टाके, काका!" प्रथमेश ऐटीत म्हणाला. "शाळेत कोणाकडेच नाहीत!"