परत धाडलेला पांढरा प्याला

बॉस्फरसच्या पाण्यावरचे धुके अजून विरले नव्हते. पैलतीरावरची सुरूची झाडे नुसत्या काळ्या रेघांसारखी दिसत होती, आणि इस्तंबूलचे मिनार धुक्यातून डोके वर काढून कुणाची वाट पाहावी तसे उभे होते. एरवी या वेळी राजवाड्याच्या चौकातून शोरब्याचा वास सुटे, न्याहारीला बसलेल्या जानिसारी पलटणींचा गलका ऐकू येई. त्या दिवशी ऐकू आला तो तांब्याच्या देगांचा आवाज. शिपायांनी शोरब्याने भरलेल्या देगा फरशीवर पालथ्या घातल्या होत्या, आणि त्यांच्या बुडांवर ते पळ्या बडवीत होते.

त्या आवाजाचा अर्थ शहरात सगळ्यांना ठाऊक होता. फौज सुलतानाचे अन्न खाई तोवर ती सुलतानाची. देग पालथी झाली की ती कुणाचीच नव्हे. याच आवाजाने पूर्वी तख्ते उलटली होती आणि तख्तावरून उतरलेले सुलतान पुन्हा कुणाला दिसले नव्हते.

वजीर-ए-आझम इद्रिस पाशा आपल्या हवेलीच्या सज्जात उभे राहून तो आवाज ऐकत होते. बोस्नियाच्या डोंगरात मेंढ्या राखणारा हा माणूस शाही मुदपाकखान्यात लाकडे फोडण्यासाठी आला, तिथून तोफखान्यात गेला, सुभेदार झाला, आणि केस पिकल्यावर धाकट्या शहजाद्याचा लाला, म्हणजे गुरू, म्हणून नेमला गेला. शहजादा तख्तावर बसला तेव्हा त्याने पहिले काम केले ते हे, की दौलतीची सोन्याची मोहर रेशमी पिशवीत घालून लालाच्या गळ्यात बांधली. पाशांनी ती झोपेतही कधी उतरवली नव्हती.

"शोरबा बिघडला असेल," मागून त्यांच्या पत्नी नसरीन खानम म्हणाल्या. "तुम्ही लाकडे फोडत होता तेव्हाही बिघडायचाच म्हणे."

पाशा हसले, पण वळले नाहीत. "आज मीठ कमी नाही पडले, खानम. कारातेपे कमी पडला."

कारातेपे हा दान्यूबकाठचा किल्ला. वेढ्यात तिथली घोडी खाऊन संपली, खोगिरांचे चामडेही उकळून झाले, तेव्हा पाशांनी किल्ला शत्रूला देऊन आतली माणसे सोडवण्याचा तह केला. फौजेला आता किल्ला विकणारा हवा होता. तह सुलतानाच्याच शब्दावर झाला होता. 'लाला, भिंती पुन्हा बांधू. माणसे आणा,' असे तो कोवळा राजा बागेत, फक्त पाशांना ऐकू जाईल इतक्या हळू, बोलला होता.

"मग सांगा ना त्यांना," खानम म्हणाल्या. "हुकूम कुणाचा होता ते सांगा."

"सांगितले, तर संध्याकाळपर्यंत तख्तावर त्याचा चुलता बसेल. आणि चुलते पुतण्यांना जिवंत ठेवत नाहीत."

"तो तुमचा मुलगा नव्हे, पाशा."

"पाण्याला भ्यायचा. माझ्या मानेला मिठी मारून पोहायला शिकला," पाशा म्हणाले.

दिवस कासराभर वर आला तेव्हा शाही बागेचा मुख्य माळी दिलावर आगा दारात आला. हा माळी गुलाब छाटी तशीच माणसेही. वजिरांची शिरे उतरवण्याचे काम पिढ्यान् पिढ्या त्याच्याच हुद्द्याकडे होते. आणि वजिराचा निवाडा कागदावर येत नसे, तो सरबतातून येई. प्याल्यात तांबडे सरबत असले तर मरण, पांढरे असले तर जीवदान.

आगाने तबकावरचा रुमाल काढला. सरबत पांढरे होते.

"मुबारक, हुजूर," तो म्हणाला. "या कामावर लागल्यापासून आज पहिल्यांदा जेवण गोड लागेल. समुद्रात गलबत तयार आहे. सुलतानांनी आपल्याला एका बेटावर राहायला सांगितले आहे."

पाशांनी प्याल्याला हात लावला नाही.

"आगा, देगा उभ्या झाल्या का?"

"नाही, हुजूर. ते म्हणतात, पाशा किंवा पाशाला वाचवणारा, दोघांपैकी एक आमच्या हवाली करा."

"मग हे सरबत मी प्यायलो तर मरेल कोण?"

पाशांनी गळ्यातली पिशवी काढली. इतक्या वर्षांत दोरीने मानेवर वळ पाडला होता, तिथे त्यांनी क्षणभर बोट फिरवले.

"हे परत न्या. मोहरही न्या. म्हणावे, लालाने शेवटचा धडा दिला आहे, तो चुकवू नका."

"हुजूर, पांढरा प्याला आजवर कुणी परत पाठवलेला नाही. मी काय तोंडाने सांगू?"

"तुम्ही सांगू नका. मोहर सांगेल."

माळी गेला. पाशा आणि खानम गालिच्यावर बसून राहिले. खानमांनी पाशांची पगडी नीट केली. ती नीटच होती. दुपारच्या नमाजाची बांग झाली, पाशांनी नमाज पढला, आणि पुन्हा पावले वाजली. या वेळी आगाने रुमाल काढला नाही. पाशांनीच काढला.

"सुलतान काही बोलले?"

"नाही, हुजूर. कुणाला हात लावू दिला नाही, प्याला स्वतः भरला. भरताना सांडले." माळ्याने बाही पुढे केली. तिच्यावर तांबडा डाग होता.

"शिकला," पाशा म्हणाले, आणि प्याला तोंडाला लावला.

वजिराचे शीर वेशीवर लागले, आणि चौकातल्या देगा उभ्या राहिल्या. फौज शोरबा प्यायली. जाळीआड उभा राहून सुलतान ते पाहत होता, असे म्हणतात. त्याने पुढे पुष्कळ वर्षे राज्य केले, पण पुन्हा कुणाला लाला म्हणून हाक मारली नाही. दवंडी पिटली गेली ती एवढीच, की किल्ला विकणाऱ्या इद्रिसाला शासन झाले.

वसंतात कारातेपेची माणसे परतली. हाडांवर कातडे ओढलेली, एकमेकांच्या खांद्यांना धरून चालणारी ती रांग वेशीतून आत आली, तेव्हा बायकांच्या गर्दीत साधा बुरखा घेऊन नसरीन खानमही उभ्या होत्या. शेजारच्या एका म्हातारीला तिचा मुलगा सापडला. त्याचे तोंड कुरवाळता कुरवाळता ती वेशीकडे पाहून थुंकली.

"त्या मेल्या पाशाने विकले होते गं यांना. अल्लाने वाचवला माझा पोर."

खानमांनी त्या पोराकडे पाहिले. त्याच्या मिशा नुकत्या फुटत होत्या.

"घरी ने त्याला, बाई," त्या म्हणाल्या. "आणि एकदम पोटभर वाढू नकोस. आधी पातळ पेज दे. उपाशी पोटाला सोसत नाही."