पहिल्यासारखं करा

तो पहिल्यांदा दुकानात शिरला तो बॅगेचा तुटका पट्टा घेऊन. शिंपीण पट्ट्याला टाके घालत होती, तेवढ्यात त्याची नजर चिठ्ठ्यांनी फुगलेल्या खोक्यावर गेली.

"यातून गिऱ्हाइकाचं माप सापडतं?"

"छे! गिऱ्हाईकच येतं, पुन्हा माप देतं."

पट्टा शिवून झाला, तरी स्वारी काही हलेना.

त्याचा उद्योग असा... काही मित्र मिळून शिंप्यांसाठी सॉफ्टवेअर बनवत होते. फुकट, सगळ्यांना खुलं. ते वापरून बघायला इंटरनेटवर नमुन्याची दुकानं, म्हणजे डेमो, मांडायची, हे त्याचं काम. खोटी गिऱ्हाइकं, खोटी मापं. कुणीही यावं, 'पाहुणी' या एकाच नावाने आत शिरावं, हवा तो गोंधळ घालावा. 'पहिल्यासारखं करा' हे बटण दाबलं की सगळं पुसून दुकान कोरं! मापातलं मात्र त्याला ओ की ठो कळत नव्हतं. म्हणून तो रोज येऊन बसू लागला. दुकान शिंपिणीच्या मावशीचं. मावशीने त्याचं नाव ठेवलं डेमोवाला.

"कंबर छातीच्या दुप्पट? अहो, हे गिऱ्हाईक आहे की पिंप?"

"मग खरं माप दाखवा ना."

"हात वर करा... पोट आत ओढू नका, टेपला कळतं."

टेप त्याच्या खांद्यावर जरा जास्तच रेंगाळायची. त्याच मापाचा तिने त्याला एक निळा शर्ट शिवून दिला.

आणि एके दिवशी तिने फोनवर त्याचा डेमो उघडला, तर निरोपांच्या चौकटीत दिसलं —

पाहुणी: निळा शर्ट तुम्हाला शोभतो.

खाली त्याचं उत्तर: उद्या तोच घालतो.

तिचा तिळपापड झाला. शर्ट शिवला आपण, आणि लाडात येतेय ही कोण भवानी!

दुसऱ्या दिवशी तो निळ्या शर्टात हजर.

"आज नटलात! कुणाची फर्माईश?"

तो लाजला. "आहे... एक. नजर फार बारीक आहे तिची."

सुई खचकन बोटात गेली.

"अहो, रक्त... दाखवा बोट!"

"काही नको. त्या बारीक नजरवालीची काळजी करा."

तो बिचारा गोंधळून निघून गेला. दुपारी चौकटीत नवा निरोप आला — 'संध्याकाळी कोपऱ्यावरच्या बाकावर या. मनातलं बोलायचंय.' त्याने तो वाचायच्या आत तिने बटण दाबलं. पहिल्यासारखं करा! पाहुणी गेली, निरोप गेला. मनातली आग तेवढी गेली नाही.

संध्याकाळी मावशीने मशीन थांबवलं. "अगं, तू अजून इथेच? बाकावर जा की! बोलावून ठेवलंय त्याला मी."

"...तू?"

"मग! तुम्ही दोघं जन्मभर मापंच घेत बसाल. कुणीही या म्हणून त्यानेच सांगितलं होतं. त्याला वाटतं, तूच लिहितेस."

तिने कपाळावर हात मारला. मग फोन उघडला. 'बाकावर या' एवढं लिहिलं, आणि थबकली. वर नाव तेच, पाहुणी. कुठली पाहुणी, ते त्याला कळणार कसं? तिने ते खोडून पुन्हा लिहिलं —

'तुमचा डावा खांदा किंचित उतरता आहे. शर्टात मी तो झाकलाय. हे फक्त मला माहीत आहे. बाकावर थांबते.'

ती बाकावर जाऊन बसते न बसते, तोच तो धापा टाकत आला. कॉलर अर्धी आत, अर्धी बाहेर.

"दुपारी सगळं पुसलं कुणी?"

"मी... पाहुणीवर जळत होते."

"पण पाहुणी तर तुम्हीच ना?"

"मावशी."

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "अरे देवा! म्हणजे इतके दिवस मी मावशींना..."

"काय काय लिहिलं होतंत?"

"आता काय सांगू? तुम्हीच तर पुसलंत."

तिने त्याची कॉलर सरळ केली. हात तसाच डाव्या खांद्यावर राहिला.

"मग आता तोंडाने सांगा," ती म्हणाली. "अगदी पहिल्यापासून."