एकतीस खांब

होबार्ट शहराच्या त्या उतारावरच्या गल्लीत कुणाच्याही अंगणात चेंडू ठेवला, तर तो थेट शेजाऱ्याच्या कुंपणाला जाऊन टेकत असे. नोरीन बेसेलची एकोणीस वर्षं अशाच घरांच्या पोटाखाली सरपटण्यात गेली होती. कुणी घर विकत घ्यायचं ठरवलं की ती ते आधी तपासून देई. छप्पर, भिंती, गटारं, आणि सगळ्यात शेवटी घराखालची पोकळी, जिथं उताराकडच्या बाजूला माणूस ताठ उभा राहतो आणि डोंगराकडच्या बाजूला पोटावर झोपूनही डोकं वर करता येत नाही.

आजचं गिऱ्हाईक तिचा भाचाच होता, केल. सौद्यातून मागं फिरायची मुदत पाच वाजता संपत होती. बायकोला, ब्रॉन्विनला, नववा लागलेला. भाड्याचं घर सोडतो म्हणून कळवूनही झालं होतं.

"आत्या, इतकं वाकून वाकून बघू नकोस गं. नसलेला दोष सापडेल तुला."

"ब्रॉन्विननं लग्नाआधी तुझी तपासणी माझ्याकडून करून घ्यायला हवी होती," नोरीन म्हणाली. ब्रॉन्विन इतकी हसली की तिला पोट धरावं लागलं.

घरमालकीण मिसेस डायक्स्ट्रा स्वयंपाकघरात टेबलाशी बसून होत्या. "मी बसूनच बोलते, राग मानू नका हं," असं म्हणून त्यांनी चहाचे कप आणि आल्याच्या बिस्किटांची बशी पुढं सरकवली. ब्रॉन्विन पाठीला हात लावून समोरच्या स्टुलावर टेकली.

वरचं घर निर्दोष होतं. इतकं, की नोरीनच्या कपाळाला आठी पडली. तिनं सहा खोल्यांत पाणसळ ठेवून पाहिली. सहाही ठिकाणी बुडबुडा बरोबर मधोमध. दारं आवाज न करता मिटत होती. साठ वर्षांचं लाकडी घर, खाली चिकणमाती, आणि कुठं केसाएवढी भेग नाही? बाहेर तर कुंपण खाली कललं होतं, माती अडवणारी भिंत फुगली होती, वाट तीन ठिकाणी फाटली होती. सगळा उतार हळूहळू खाली चालला होता. घर तेवढं जागच्या जागी होतं.

खालचं बुटकं दार उघडून ती आत शिरली. ओल्या मातीचा वास आला. बॅटरीच्या उजेडात सिमेंटच्या खांबांच्या रांगा दिसल्या. पहिल्या खांबाच्या माथ्याशी तिनं सवयीनं पट्टी लावली. पट्टी सरळ आत गेली. खांब आणि त्यावरची तुळई यांच्यात दोन बोटं फट होती.

एखादा खांब खचतोच. तिनं वहीत टिपलं. दुसऱ्या खांबालाही दोन बोटं फट. तिसऱ्याला तीन. मोजत मोजत ती गुडघ्यांवर, मग कोपरांवर वर सरकत गेली. एकूण एकतीस खांब भरले. एकतिसाव्यापाशी ती उताणी पडली होती आणि तुळई तिच्या नाकापासून वीतभरच वर होती.

तिथंही पट्टी आरपार गेली.

खाली आल्यावर तिनं केलला हाक मारली. "बोलू नकोस. हे दोरीचं टोक धर."

रांगेच्या एका टोकाला तो, दुसऱ्या टोकाला ती. गवंडीकामाची पिवळी दोरी त्यांनी खांब आणि तुळई यांच्यामधल्या फटीत ताणली आणि दोघांनी मिळून ओढली. दोरी अलीकडून शिरली, पलीकडून निघाली. कुठंही अडली नाही. दुसऱ्या रांगेत तेच. तिसऱ्या रांगेत तेच. पुढच्या पायऱ्याही घरापासून सुटलेल्या होत्या. मधल्या जागेवर नुसती एक फळी टाकली होती. नळाची लवचीक नळी आणि विजेची तार, बाकी काहीही त्या घराला टेकलेलं नव्हतं.

केलचा चेहरा पांढराफटक पडला. "मग हे उभं कशावर आहे, आत्या?"

नोरीननं दोरी खाली टाकली.

"ब्रॉन्विनला बाहेर काढ. सावकाश."

दोघं वळसा घालून पुढं आली, तेव्हा मिसेस डायक्स्ट्रा कोट घालून, पर्स हातात घेऊन फळीवरून उतरत होत्या. नुकतंच चालायला शिकलेल्या पोरासारखी त्यांची पावलं पडत होती. इवलीशी पावलं, मऊ सपाता घातलेली.

"पाठ दुखत होती हो बिचारीची," त्या म्हणाल्या. "माझ्याच खुर्चीवर बसवलं तिला. उशी आहे."

"तुम्हाला माहीत होतं?" नोरीननं विचारलं.

"डोंगर सुटून खाली सरकायला लागला तेव्हा मी त्या खुर्चीवर होते, बाई. उठायला गेले तर घर पण निघालं." त्यांनी एकदा वर आभाळाकडं पाहिलं. "मग बसले. अठ्ठेचाळीस वर्षं."

आणि त्या रस्त्याला लागल्या. मागं वळून बघितलंसुद्धा नाही.

नोरीन स्वयंपाकघरात धावली. ब्रॉन्विन हातांवर जोर देऊन उठू पाहत होती. "झालं का तुमचं? मला जरा—"

टेबलावरच्या कपातला चहा एका बाजूला चढला. भिंतीच्या आत काहीतरी कण्हलं.

"बस!"

ब्रॉन्विन धपकन बसली. चहा सपाट झाला.

"आत्या, काय चाललंय?"

"काही विचारू नकोस. अर्धी सरक." नोरीन खुर्चीच्या कडेवर टेकली, खांद्यानं तिला हळूहळू बाजूला सारत पूर्ण बसली. "आता ऊठ. जा. पळू नकोस, पण थांबूही नकोस."

चहा हलला नाही. फळीवर ब्रॉन्विनची पावलं वाजली, मग अंगणात केलचा हुंदका.

"केल!" ती ओरडली. "गाडीत पाचरी आहेत. सगळ्या फटींत ठोक!"

खालून हातोड्याचे घाव ऐकू आले. चार, पाच. मग थांबले.

"आत्या," जमिनीखालून त्याचा आवाज आला, "ठोकतोय तेवढी फट वाढतेय गं."

तिनं पुढं झुकून जरासा भार पायांवर घेतला. चहा काठापर्यंत सरकला. ती पुन्हा मागं टेकली.

मग तिचं लक्ष टेबलाखाली गेलं. लाकडी जमिनीत टाचांनी दोन खड्डे पडले होते. सपातांतल्या इवल्याशा पावलांचे ते नव्हतेच; तिचे जाडजूड कामाचे बूट त्यात बरोबर बसले होते.

डावा खड्डा बाहेरच्या कडेला जास्त खोल होता. नोरीनची डावी टाच जन्मभर बाहेरूनच झिजत आली होती.